अप, ऑफ, आउट : इंग्रजीतल्या छोट्या शब्दांचा आपल्याकडचा इतिहास

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला मोठे शब्द अडवत नाहीत, छोटे शब्द अडवतात. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे, हे आमच्या मलकापुरातला दहावीचा कोणताही विद्यार्थी सांगेल. 'एक्स्टिंग्विश', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हेही त्याने पाठ केलेलं असतं. पण त्याच अर्थाचे 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' समोर आले की तो थबकतो. 'पुट' त्याला येतो, 'ऑफ' त्याला येतो. दोघे एकत्र आले की काय होतं, ते मात्र येत नाही. गाइडमध्ये अशा क्रियापदांची दोन-तीनशेंची यादी असते. ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते आणि पेपर संपला की विसरली जाते.

या जोड क्रियापदांना इंग्रजी व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. क्रियापदाला चिकटणारा जो छोटा शब्द, म्हणजे अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर, अवे, बॅक वगैरे, त्याला 'पार्टिकल' म्हणतात. आपण त्याला सरळ 'जोडशब्द' म्हणू. माझं म्हणणं असं आहे, की ही क्रियापदं आपल्या मुलांना अवघड जातात त्याचं कारण मुलांच्या डोक्यात नाही, इतिहासात आहे. आपल्याकडे इंग्रजी कोणत्या दाराने आली, कोणी आणली आणि कशासाठी आणली, हे पाहिलं की गाठ सुटायला लागते.

कचेरीच्या दाराने आलेली इंग्रजी

1835 मध्ये मेकॉलेचा प्रसिद्ध मसुदा आला. 1854 मध्ये वुडचा खलिता आला, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. या सगळ्या व्यवस्थेला हवा होता तो कारकून, मामलेदार, वकील, शिक्षक. त्यांची इंग्रजी अर्जाची, हुकमाची, निकालपत्राची आणि पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांची होती. ही लेखी इंग्रजी होती आणि तिच्यात लॅटिन-फ्रेंच घराण्याच्या शब्दांचा भरणा असतो. अर्जात कोणी 'पुट ऑफ' लिहीत नाही, 'पोस्टपोन' लिहितो. वरिष्ठाला कोणी 'सेंड बॅक' म्हणत नाही, 'रिटर्न' म्हणतो. आपल्या आजोबा-पणजोबांना इंग्रजी भेटली ती या कपड्यांत.

शिकवण्याची पद्धतही तिला साजेशी होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'चे तीन भाग कित्येक मराठी पिढ्यांनी पालथे घातले. या पाठमालेचे उपकार मोठे आहेत, तिच्या जोरावर खेड्यापाड्यांतल्या माणसांनी इंग्रजी आत्मसात केली. पण भाषांतराच्या पद्धतीत मन एका शब्दाला एक शब्द लावायला शिकतं. 'टेक' म्हणजे घेणे, 'गिव्ह' म्हणजे देणे. जोड क्रियापदात हा हिशेब बसत नाही. 'गिव्ह अप' मध्ये देणं शोधायला गेलं तर सापडतं ते सोडून देणं, 'टेक ऑफ' मध्ये घेणं शोधायला गेलं तर विमान उडतं.

ही कचेरीची इंग्रजीसुद्धा सगळ्यांना मिळाली नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि तळातल्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही. मुसलमानांची स्थिती वेगळी नव्हती. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली ती ही दरी ओळखून. तय्यबजी स्वतः लंडनला शिकून 1867 मध्ये बॅरिस्टर झालेले होते. मुंबईतल्या व्यापारी मुस्लिम घरांपर्यंत अंजुमन पोहोचली. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या मुसलमानाचं काय?

आमचं मलकापूर म्हणजे विशाळगडच्या जहागिरीचं ठाणं. 1844 च्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगड मोडला आणि पंतप्रतिनिधींचं ठाणं खाली मलकापुरात आलं. आंबा घाटाच्या अलीकडचं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं पावसाळी गाव. इथल्या मुसलमानाला इंग्रजी शाळेची वाट सुमारे 45 किलोमीटरवरच्या कोल्हापुरात सापडायची, आणि तिथे राहायचं कुठे हा खरा प्रश्न असायचा. तो प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी ओळखला. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. 1906 मध्ये महाराजांनी मुस्लिम समाजासाठी शिक्षण संस्था आणि बोर्डिंग उभं केलं, समाजातून पुढाकार घेणारं कोणी मिळेना म्हणून तिचं अध्यक्षपदही स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यातला मुस्लिम मुलगा इंग्रजीच्या उंबरठ्यापर्यंत आला तो या वाटेने. पण उंबरठ्याच्या आत त्याला जी इंग्रजी मिळाली ती कचेरीचीच होती. तीच 'चांगली' इंग्रजी, हा समज त्याच्याही मनात पक्का झाला.

रुळावरून आणि मैदानावरून आलेली इंग्रजी

त्याच काळात दुसरी एक इंग्रजी वेगळ्या वाटेने आपल्याकडे येत होती. तिला शाळा लागली नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. रेल्वेबरोबर 'अप' आणि 'डाउन' हे दोन शब्द आले. विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी 'अप', आपल्याकडे मुंबईकडे जाणारी 'अप' आणि मुंबईहून निघालेली 'डाउन'. घाट चढणारी गाडी डाउन आणि उतरणारी अप, हा विनोद मुंबई-पुणे मार्गावर रोज घडतो. म्हणजे इथे 'अप'चा अर्थ 'वर' नाही, मोठ्या ठिकाणाकडे असा आहे. जोडशब्दाचा अर्थ दिशेवरून सरकून दुसरीकडे कसा जातो, याचा हा पहिला धडा आपल्या लोकांनी तिकीटघरापुढे उभं राहून घेतला. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. मलकापूरला रेल्वे आजतागायत आलेली नाही, पण 'अप-डाउन' आलं. आमच्याकडे रोज एसटीने कोल्हापूरला नोकरीला जाऊन येणारा माणूस 'अप-डाउन करतो'. इंग्रजाने ऐकलं तर त्याला कळणार नाही, इतका तो शब्द आपला झाला आहे.

मग क्रिकेट आलं. मुंबईच्या मैदानावर युरोपियन, पारशी आणि हिंदू संघांच्या तिरंगी सामन्यांत 1912 मध्ये मुस्लिम संघ आला आणि सामने चौरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत योग्य होती की नाही हा वेगळा विषय, गांधीजींनी तिला विरोधही केला. पण त्या खेळाने 'आउट' हा शब्द गल्लीगल्लीत नेला. आउट, नॉट आउट, रन आउट, ऑल आउट, फॉलोऑन. पुढे पेपरही 'आउट' व्हायला लागला, म्हणजे फुटायला लागला. यात 'आउट'चे दोन वेगळे अर्थ आले : एक, खेळातून बाहेर, दुसरा, लपलेलं होतं ते बाहेर.

कोल्हापूर तर चित्रपटांचं गाव. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, 1929 मध्ये प्रभातची सुरुवातही इथलीच. चित्रीकरण संपलं की 'पॅकअप', रंग फासायचा तो 'मेकअप'. गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे 'गाडीला पिकअप नाही', घाटात 'ब्रेकडाउन', पोलीस ठाण्यात 'लॉकअप', दवाखान्यात 'चेकअप'. गिरणीला मालकाने टाळं लावलं तर 'लॉकआउट'. आणि 2020 च्या मार्चमध्ये आख्ख्या देशाला शिकवला गेलेला शब्द, 'लॉकडाउन'.

शेवटचे तीन शब्द जरा शेजारी ठेवून पाहा. लॉकअप, लॉकआउट, लॉकडाउन. क्रियापद एकच, कुलूप. पहिल्यात माणसाला आत घालून कुलूप, दुसऱ्यात कामगाराला बाहेर ठेवून कुलूप, तिसऱ्यात जो जिथे आहे त्याला तिथेच दाबून ठेवून कुलूप. हे तिन्ही शब्द आमच्या गावातल्या निरक्षर म्हातारीलाही माहीत आहेत आणि ती त्यांची गफलत करत नाही.

म्हणजे आपल्याकडे दोन इंग्रजी आल्या. एक कचेरीची, ती शिकलेल्यांकडे गेली. दुसरी रुळाची, मैदानाची, गॅरेजची, ती कष्टकऱ्यांकडे गेली. आपल्या समाजातले ड्रायव्हर, मिस्त्री, वेल्डर, सेंटरिंगवाले या दुसऱ्या इंग्रजीचे वारस आहेत. त्यांच्या मुलाला आपण शाळेत सांगतो, की तुझ्या घरात इंग्रजीचं वातावरण नाही. सांगणारा चुकतो. वातावरण आहे, त्याची नोंद कोणी घेतलेली नाही एवढंच.

विलायतेतही हेच झालं होतं

ही दोन इंग्रजींची भानगड खुद्द इंग्लंडातली आहे. प्राचीन इंग्रजीत असे छोटे शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी जोडले जात, जसे आजही जर्मनमध्ये किंवा आपल्या संस्कृतात जोडले जातात. पुढे ते सुटून मागे जाऊ लागले. बाराव्या शतकातल्या पीटरबरोच्या मठातल्या वृत्तांतात 'गिव्ह अप' सापडतं. मधल्या काळात, 1066 मध्ये, नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबाराची, न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, धर्मपीठाची लॅटिन होतीच. शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या तोंडी जुनी इंग्रजी राहिली. एकाच कामाला दोन शब्द झाले. दरबारी माणूस 'सरेंडर' करी, गावकरी 'गिव्ह अप' करी.

आपल्याला हे परकं वाटू नये. फारसी दरबारात होती तेव्हा आपल्याकडेही अर्ज, हुकूम, फिर्याद, तारीख, दस्तऐवज हे कागदावरचे शब्द झाले आणि घरातली बोली वेगळी राहिली. राज्य कोणाचं यावर शब्दांची प्रतिष्ठा ठरते.

1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपला मोठा इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या जोड क्रियापदांची स्वतंत्र दखल घेतली आणि परदेशी माणसाला सर्वांत जास्त अडचण बहुधा यांचीच होते, असं नोंदवलं. म्हणजे आमच्या मुलांची तक्रार किमान अडीचशे वर्षं जुनी आहे. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच उशिरा रूढ झालं. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 च्या आपल्या पुस्तकात वापरलं. नाव मिळायला एवढा वेळ लागला, कारण विद्वानांच्या लेखी ही बोलीतली चीज होती.

पुढे 1930 मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी जगाला सोपी इंग्रजी द्यायची म्हणून फक्त 850 शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली. त्यात क्रियापदं होती अवघी 18. कम, गेट, गिव्ह, गो, कीप, मेक, पुट, टेक अशी. इतक्या थोड्या क्रियापदांत जग कसं भागणार? जोडशब्दांच्या जोरावर. 'एन्टर' नको, 'गो इन' आहे. पण ऑग्डेन यांच्या टीकाकारांनी बरोबर बोट ठेवलं : शब्द 850 असले तरी 'पुट'ला अप, ऑफ, आउट, ऑन जोडून जे अर्थ होतात ते शिकणाऱ्याला नवेच शिकावे लागतात. सोपं दिसणं आणि सोपं असणं यातला फरक इथे कळतो.

युसूफ मेहेरअली आणि दोन घोषणा

आपल्या देशाच्या इतिहासात या छोट्या शब्दांनी एकदा मोठं काम केलं, आणि ते करणारा माणूस मुंबईचा मुसलमान होता.

काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळातली इंग्रजी ही अर्ज-विनंत्यांची, लांब वाक्यांची होती. ती लॉर्डसाहेबांना कळायची, रस्त्यावरच्या माणसाला नाही. 3 फेब्रुवारी 1928 रोजी सायमन आयोग मुंबई बंदरात उतरला. सात सदस्य, सगळे ब्रिटिश, एकही हिंदी माणूस नाही. तेव्हा पंचविशीही न गाठलेल्या युसूफ मेहेरअलींनी युवकांना गोळा केलं आणि घोषणा दिली, 'सायमन, गो बॅक'. ही घोषणा त्यांची, असं इतिहासात मानलं जातं. 'गो' आणि 'बॅक'. यापेक्षा साधी इंग्रजी असूच शकत नाही. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनीही ती लाहोरपासून मद्रासपर्यंत दिली, आणि ज्यांना ऐकवायची त्यांना भाषांतराची गरज पडली नाही.

पुढची गोष्ट 1942 ची. इंग्रजांना जायला सांगायचं, पण कोणत्या शब्दांत, यावर गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचार केला, अशी आठवण नोंदवली गेली आहे. कोणी 'गेट आउट' सुचवलं. गांधीजींना ते असभ्य वाटलं. राजाजींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' सुचवलं, तेही लागू पडेना. मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिलं, त्यावर अक्षरं होती 'क्विट इंडिया'. गांधीजींनी होकार दिला. 8 ऑगस्टला गोवालिया टँकवर ठराव झाला. मेहेरअली तेव्हा मुंबईचे महापौर होते.

या आठवणीत इंग्रजीचे तिन्ही थर एका ओळीत उभे आहेत. 'गेट आउट' ही बोलीतली इंग्रजी, धारदार पण उद्धट. 'रिट्रीट' फौजेच्या कागदावरची, थंड. 'क्विट' छोटा, सभ्य आणि ठाम. शब्द निवडताना अर्थाबरोबर वजनही पाहावं लागतं. 'गो बॅक' आणि 'गेट आउट' दोन्ही जोड क्रियापदंच, पण पहिलं चाललं आणि दुसरं नाही. मेहेरअलींना ही नस सापडली होती. त्यांच्या दोन्ही घोषणा शाळेच्या पुस्तकात आहेत, पण त्यांचं नाव मुलांना सहसा सांगितलं जात नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना तर ते माहीत असायलाच हवं.

आपल्या भाषांतही तेच आहे

आता मूळ अडचणीकडे येऊ. क्रियापद तेच, जोडणी बदलली की अर्थ बदलतो, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

संस्कृतात उपसर्ग आहेत. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द होतात. जेवण, फिरणं, मारणं, नाश आणि निवारण! धातू एक, फरक फक्त पुढच्या अक्षरांचा.

अरबीत उपसर्गाऐवजी मागून येणारं अव्यय हे काम करतं. मदरशात थोडंफार अरबी व्याकरण शिकलेल्याला हे ठाऊक असतं. 'दआ' म्हणजे हाक मारणे, मागणे. त्याला 'ल' जोडलं तर त्या माणसासाठी दुआ, 'अला' जोडलं तर त्याच माणसाला बददुआ. 'रगिबा'ला 'फी' लागलं तर ओढ वाटणे, 'अन' लागलं तर तोंड फिरवणे. 'जरबा' म्हणजे मारणे, पण 'जमिनीत' या शब्दाबरोबर आलं तर प्रवासाला निघणे. अरबी शिकताना जो मुलगा हा भेद समजून घेतो, त्याला इंग्रजीत 'लुक फॉर' आणि 'लुक आफ्टर' यांतला भेद का कळू नये?

मराठीत हेच काम दुसरं क्रियापद करतं. खाऊन टाक, सांगून टाक, करून टाक. यात फेकण्याचा काही संबंध नाही. 'टाक' म्हणजे एकदाचं पुरं कर. वाचून काढ, लिहून काढ, शोधून काढ, यात 'काढ' म्हणजे शेवटापर्यंत जा, आतलं बाहेर आण. 'बोलून बसला' यात कोणी बसलेलं नसतं, पस्तावा असतो. घरातल्या दखनीतही आपण मार डाला, दे दिया, बोल बैठा म्हणतो. या टाक-काढ-बसची यादी करून आपण कधी पाठ केली होती? 'टाक' या एका शब्दाभोवती शंभर वाक्यं ऐकली आणि त्याचा स्वभाव कळला.

म्हणून इंग्रजीतही क्रियापदाप्रमाणे यादी करण्याऐवजी जोडशब्दाप्रमाणे करावी. 'गेट'चे वीस प्रकार एका पानावर मांडले तर डोकं गरगरतं, कारण त्या वीसांत समान काही नसतं. 'अप'चे वीस एका पानावर मांडले तर त्यात स्वभाव दिसतो.

'अप' म्हणजे आधी वर : गेट अप, स्टँड अप. मग वाढ : ग्रो अप, स्पीड अप. मग भांडं काठोकाठ भरल्यासारखी पूर्णता : ईट अप म्हणजे खाऊन टाक, युज अप म्हणजे वापरून संपव. 'गिव्ह अप' म्हणजे सोडूनच दे. 2015 मध्ये गॅसचं अनुदान सोडण्याची सरकारी मोहीम 'गिव्ह इट अप' नावाने आली. त्यातून व्याकरणाचा एक नियमही फुकट शिकता येतो : अशा क्रियापदांत 'इट', 'हिम', 'देम' हे सर्वनाम मध्ये बसतं, 'गिव्ह अप इट' होत नाही.

'आउट' म्हणजे बाहेर, मग उघड, मग शेवटापर्यंत. फाइंड आउट म्हणजे शोधून काढ, पॉइंट आउट म्हणजे दाखवून दे. पुट आउट म्हणजे आग विझव, रन आउट म्हणजे साठा संपणे. मराठीतलं 'काढ' शेजारी ठेवलं की अर्धं काम होतं.

'ऑफ' म्हणजे जोडलेलं होतं ते सुटणं. कट ऑफ, टेक ऑफ, सेट ऑफ. ठरलेल्या जागेवरून बाजूला गेलं ते पुट ऑफ, ठरलेलं रद्दच झालं ते कॉल ऑफ. इथे मुलं विचारतात, की लाइट 'गोज ऑफ' म्हणजे गेली आणि गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजला, हे उलटं कसं? दोन्हींत काहीतरी आपल्या स्थितीतून सुटलं आहे. दिवा जळण्यातून सुटला, गजर गप्प बसण्यातून.

'ऑन' म्हणजे चिकटून असणं, म्हणून चालू राहणं. गो ऑन, कॅरी ऑन, होल्ड ऑन. फॉलोऑनमधला 'ऑन' तोच, तुमची फलंदाजी पुढे चालूच राहू द्या.

'डाउन' म्हणजे खाली, मग कमी, मग बंद. स्लो डाउन, शट डाउन. गाडीचं ब्रेक डाउन होतं, आपण म्हणतो बंद पडली. 'पडणं' म्हणजे खालीच येणं. राइट डाउन म्हणजे कागदावर उतरवून घे. 'उतरवून' मध्येही तीच दिशा आहे. इंग्रज आणि मराठी माणसाने एकमेकांना न विचारता एकच चित्र पाहिलं.

याने सगळं सुटेल असा दावा नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे असं उकलायला गेलं तर ओढाताण होते, अशी काही पाठच करावी लागतात. शिवाय जिथे क्रियापद आणि जोडशब्द फोडता येत नाहीत, तिथे सर्वनाम मध्ये येत नाही : 'लुक आफ्टर हिम' असंच म्हणावं लागतं. पण पाठ करायची यादी तीनशेवरून तीस-चाळीसवर येते.

प्रश्न फक्त मार्कांचा नाही

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीपासून केली. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने ती पहिलीपासून आणली. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाइतकाच लवकर हा घास मिळावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगला होता. पण वर्षं वाढली म्हणून इंग्रजीचा प्रकार बदलला नाही. आजही आपला मुलगा दहा-बारा वर्षं शिकून कचेरीची इंग्रजी घेऊन बाहेर पडतो. मग पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला जातो, किंवा आखातात कामाला जातो. तिथे कोणी त्याला 'एक्स्टिंग्विश' म्हणत नाही. 'होल्ड ऑन', 'फिल इट इन', 'हँड इट ओव्हर', 'साइन ऑफ' अशा शब्दांचा मारा होतो. आणि ज्याला 'पोस्टपोन' येतं तो मुलगा 'आपल्याला इंग्रजी येत नाही' असं मनाशी ठरवून गप्प बसतो.

हे गप्प बसणं महाग पडतं. त्याने कामगाराचा पगार अडतो, हुशार मुलीची बढती अडते. सुरक्षेची सूचना न कळल्याने जीवावरही बेतू शकतं. 'कीप ऑफ' आणि 'कीप ऑन' यांत बाजूला होणं आणि चालू ठेवणं एवढं अंतर आहे.

म्हणून आपल्या भागातल्या शिक्षकांना, मोहल्ल्यात संध्याकाळी शिकवणी घेणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. फळ्यावर आधी 'अप' लिहा आणि मुलांना विचारा, तुमच्या घरात, गल्लीत, गॅरेजमध्ये 'अप' असलेले किती शब्द आहेत? मेकअप, चेकअप, लॉकअप, पिकअप, बॅकअप, पॅकअप, फॉलोअप. दहा मिनिटांत फळा भरेल. मग त्यातल्या प्रत्येकातून क्रियापद सोडवून घ्या आणि त्याचं वाक्य करायला लावा. दुसऱ्या दिवशी 'आउट' घ्या, तिसऱ्या दिवशी 'ऑफ'. उर्दू माध्यमाची मुलं असतील तर डालना आणि बैठना शेजारी लिहा, मराठी माध्यमाची असतील तर टाक आणि काढ. पुस्तकातली यादी त्यानंतर उघडा.